जुनी जावा-येझदी काढताय? आधी नंबर आणि कागद बघा, रंग-क्रोम मागाहून

निपाणीहून एका वाचकाचा फोन आला. आजोबांची जावा गोठ्याच्या शेजारी शेडमध्ये पंचवीस वर्षं पडून आहे. सीटवर कोंबड्या बसतात, एका सायलेन्सरच्या तोंडात कुंभारमाशीनं घर केलंय. भंगारवाला किलोच्या भावानं मागतोय. कोल्हापूरहून एक जण येऊन बघून गेला, तो म्हणतो, "रोख देतो, कागद नसले तरी चालतील." आता काय करायचं, असा प्रश्न.

हा प्रश्न सीमाभागात वरचेवर कानावर येतो. बेळगाव, खानापूर, चंदगड, गडहिंग्लज, निपाणी या पट्ट्यात एके काळी तंबाखूच्या, गुळाच्या, लाकडाच्या व्यापाऱ्यांकडे, मास्तरांकडे, कंपाऊंडरकडे जावा असायची. त्यातल्या बऱ्याच भंगारात गेल्या. उरल्यात त्यांना आता गिऱ्हाईक आहे, भावही आहे. पण गाडी विकायची असो, घ्यायची असो किंवा घरचीच पुन्हा रस्त्यावर आणायची असो, लोक चुकीच्या टोकापासून सुरुवात करतात. आधी रंग, मग इंजिन आणि शेवटी कागद. खरा क्रम याच्या बरोबर उलटा आहे, आणि तो का, हे सांगण्यासाठी हा लेख.

गाडी मूळची कुठली?

जावा हे नाव प्रागचं. फ्रांतिशेक यानेचेक यांनी १९२९ साली जर्मनीच्या वांडरर कंपनीकडून मोटरसायकल बनवायचे हक्क घेतले, आणि यानेचेक व वांडरर या दोन नावांची सुरुवातीची अक्षरं जोडून 'जावा' केलं. इंडोनेशियातल्या जावा बेटाशी याचा काही संबंध नाही, हे आपल्याकडच्या गॅरेजमध्ये अजूनही पैज लावून सांगावं लागतं.

भारतात आधी या गाड्या आयात होऊन यायच्या. मग आयातीवर निर्बंध आले आणि रुस्तम आणि फारुख इराणी यांनी म्हैसुरात 'आयडियल जावा' ही कंपनी काढली. म्हैसूरचे महाराज जयचामराज वडियार यांचा तिला पाठिंबा होता. १९६१ पासून तिथून गाड्या बाहेर पडू लागल्या. पुढं १९७३ च्या सुमाराला चेक कंपनीशी असलेला परवान्याचा करार संपला आणि तीच गाडी 'येझदी' या नावानं येऊ लागली. हे नाव इराणातल्या याझ्द शहराशी जोडलं जातं. १ नोव्हेंबर १९७३ ला म्हैसूर राज्याचं कर्नाटक झालं. म्हणजे टाकीवरचं नाव आणि आरसी बुकावरचं राज्याचं नाव, दोन्ही साधारण एकाच काळात बदलली. ज्यांच्या बुकावर अजून 'म्हैसूर राज्य' असा शिक्का आहे, त्यांनी ते पान जपून ठेवावं.

येझदी रोडकिंग १९७८ साली आली आणि कॉलेजच्या पोरांची लाडकी झाली. कारखाना १९९६ साली बंद पडला. २०१८ साली जावा आणि २०२२ साली येझदी हे नाव घेऊन नव्या गाड्या आल्या, पण त्या फोर-स्ट्रोक, पाण्यानं थंड होणाऱ्या इंजिनाच्या. जुन्या गाडीला त्यांचा एकही स्पेअर पार्ट लागत नाही. शोरूममध्ये जाऊन पिस्टन मागणारे भेटतात म्हणून हे लिहावं लागतं.

"कागद नसले तरी चालतील" याचा अर्थ

अर्थ एवढाच की घेणाऱ्याला तुमची गाडी नको, तिचे भाग हवेत. किंवा त्याच्याकडे दुसऱ्या एखाद्या गाडीचे कागद आहेत आणि त्याला फक्त लोखंड हवंय. दुसरी शक्यता खरी असेल तर तुमच्या चासीवरचा नंबर ग्राइंडरखाली जाणार आणि तिथं दुसरा ठोकला जाणार. हा सरळ गुन्हा आहे. उद्या चौकशी निघाली तर गाडी शेवटची कोणाच्या दारातून गेली, हे विचारलं जातंच.

जुन्या गाडीचं सगळं नव्यानं करता येतं. मडगार्ड ठोकून बनवता येतो, टाकी नवी मिळते, सीट शिवता येते. चासीवर कारखान्यात ठोकलेला नंबर आणि त्याच्याशी जुळणारी आरटीओतली नोंद, या दोन गोष्टी एकदा गेल्या की परत करता येत नाहीत. म्हणून गाडी बघायला जाताना खिशात टॉर्च, वायरचा ब्रश आणि रॉकेलचं फडकं न्यावं. हँडलच्या खाली, चासीच्या मानेजवळचा भाग हळूच पुसावा आणि नंबर वाचावा. इंजिनाच्या केसवरचा नंबर वेगळा वाचावा. दोन्ही बुकाशी ताडून बघावेत. आकड्यांची ओळ वाकडी असेल, आजूबाजूचं लोखंड जास्तच गुळगुळीत लागत असेल, तर चहा पिऊन परत यावं.

इंजिन नंबर जुळत नाही, असं मात्र पुष्कळदा प्रामाणिकपणे घडलेलं असतं. सत्तर-ऐंशीच्या दशकात क्रँककेस फुटली की दुसऱ्या गाडीचं इंजिन बसवून मोकळे व्हायचे, बुकात नोंद कोण करतंय! अशी गाडी घेऊच नये असं नाही. पण तो बदल आधी आरटीओत नोंदवून मिळतो का ते बघावं आणि मगच पैसे मोजावेत.

सीमेच्या अलीकडे गाडी, पलीकडे मालक

आपल्या भागातली खरी डोकेदुखी ही. निपाणीहून कोल्हापूर चाळीस किलोमीटर. सोयरीक होते, दूध जातं, ऊस जातो, पण गाडीचा नंबर सीमेपाशी अडतो. मोटार वाहन कायद्याप्रमाणे एका राज्यात नोंदलेली गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त ठेवली तर तिथं नवा नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी आधी मूळ आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८. मग नव्या ठिकाणी फॉर्म २७ भरून नंबर आणि त्या राज्याचा टॅक्स. मालक बदलत असेल तर फॉर्म २९ आणि ३०. मालक वारले असतील तर वारसानं फॉर्म ३१ भरायचा. आजोबांच्या गाड्यांच्या बाबतीत हाच फॉर्म सगळ्यात जास्त लागतो आणि हाच लोकांना ठाऊक नसतो.

मूळ आरटीओ कोणतं, हेही कधीकधी शोधावं लागतं. आज निपाणीची गाडी चिक्कोडीच्या केए-२३ खाली येते, पण साठच्या दशकातली नोंद बेळगावच्या जुन्या रजिस्टरात असणार. १९८९ च्या आधीचे नंबर आजच्या धर्तीचे नव्हते, तीन इंग्रजी अक्षरं आणि पुढं आकडे, असे असायचे. असा नंबर 'वाहन' पोर्टलवर टाकला की बहुतेक वेळा काहीच दिसत नाही. याचा अर्थ गाडी बेकायदा आहे असा नाही. जुनं रजिस्टर कॉम्प्युटरवर चढलेलं नाही, एवढंच. त्याला 'बॅकलॉग एन्ट्री' म्हणतात, आणि ती मूळ ऑफिसातूनच करून घ्यावी लागते. ती झाल्याशिवाय एनओसी नाही, नूतनीकरण नाही, काहीच नाही.

मी स्वतः या फेऱ्या घातल्यात. एका ऑफिसात (कुठल्या ते जाऊ द्या) रजिस्टर वाळवीनं खाल्लंय म्हणून सांगितलं. तिसऱ्या खेपेला दुसऱ्या टेबलावरच्या बाईंनी कपाटाच्या वरून तेच रजिस्टर काढून दिलं, वाळवी नव्हती, धूळ होती. सांगायचा मुद्दा, एकाच नकारावर परत फिरू नये. जुना टॅक्स टोकन, विम्याची पिवळी पडलेली पावती, आजोबांच्या नावाचं लायसन्स, जे सापडेल ते बरोबर न्यावं. बुक हरवलं असेल तर पोलिसांत नोंद करून डुप्लिकेट आरसीचा अर्ज करता येतो, पण त्यालाही रजिस्टरातली नोंद लागतेच.

पंधरा वर्षं उलटलेल्या गाडीचं नूतनीकरण फॉर्म २५ वर होतं आणि ते पाच वर्षांपुरतं असतं. गाडी समोर उभी करावी लागते. इथं एक घोळ सर्रास होतो. उत्साहात चासी पावडर कोटिंगला दिलेली असते आणि त्या जाड थराखाली नंबर बुजून गेलेला असतो. इन्स्पेक्टर पेन्सिल प्रिंट काढायला बसतो, कागदावर काहीच उमटत नाही. म्हणून चासी कुठंही पाठवायच्या आधी स्वतः पेन्सिल प्रिंट काढून ठेवावी, फोटो घ्यावा, आणि नंबरावर टेप लावूनच द्यावी. सँडब्लास्टिंगवाल्यालाही हेच सांगावं, कारण जोराचा मारा बसला तर उथळ आकडे पुसले जातात.

जुलै २०२१ मध्ये केंद्रानं व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळा नियम केला. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटलेली आणि चासी, बॉडी व इंजिनात मोठा फेरफार न केलेली दुचाकी किंवा चारचाकी यात बसते. नव्या नोंदणीची फी २० हजार रुपये, पुढच्या नूतनीकरणाची ५ हजार, मुदत दहा वर्षं. आधीच नोंद असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो, नव्यानं नोंदणाऱ्या गाडीला 'व्हीए' अक्षरांची वेगळी मालिका मिळते. म्हैसूरच्या साठच्या दशकातल्या सगळ्या जावा आता या वयात बसतात. रोडकिंग अजून बसत नाही. पण यात एक मेख आहे. व्हिंटेज म्हणून नोंदलेली गाडी रोजच्या वापरासाठी चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणता येते. ज्याला रविवारी आंबोलीला जायचंय, त्यानं साधं नूतनीकरणच करावं, असं माझं मत. व्हिंटेजचा मार्ग खरा उपयोगी, ज्यांच्या गाडीची नोंदच शिल्लक नाही किंवा गाडी संग्रहातच राहणार आहे त्यांना.

आणि हो, जुन्या काळ्या पाटीवर हातानं रंगवलेला नंबर कितीही देखणा असला तरी १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांनाही महाराष्ट्र आणि कर्नाटक दोन्हीकडे एचएसआरपी पाटी सक्तीची केली आहे. जुनी पाटी घरात भिंतीवर लावा.

इंजिन: किक मारायची घाई नको

पंचवीस वर्षं उभी असलेली गाडी बघितली की प्रत्येकाला पहिली किक मारायचा मोह होतो. मारू नये. पिस्टनच्या रिंगा गंजानं बोअरला धरलेल्या असतात, जोर लावला की रिंग तुटते आणि तुकडा पोर्टमध्ये अडकून सगळा बोअर ओरबाडून निघतो. प्लग काढून त्या भोकातून डिझेल आणि थोडं ऑईल सोडावं, चार-आठ दिवस तसंच ठेवावं. मग गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून मागचं चाक हातानं पुढं-मागं हलवावं. सुटलं तर सुटलं, नाही तर अजून आठ दिवस.

जावाच्या इंजिनाची रचना साधी आहे. एकच सिलिंडर, पण सायलेन्सर दोन, त्यामुळं अनोळखी माणूस हमखास फसतो. २५० च्या मॉडेलात बोअर ६५ मिलिमीटर आणि स्ट्रोक ७५. किक आणि गिअर एकाच दांड्यावर, डाव्या बाजूला. दांडा आत दाबून वर फिरवला की किक होते. गिअर टाकताना दांडा दाबला की क्लच आपोआप सुटतो, हाताचा क्लच ओढायची गरज नाही. ही सोय अर्ध्या गाड्यांत मिस्त्रींनी बंद करून टाकलेली सापडते, कारण ती सेट करायला वेळ लागतो. चावी खिळ्यासारखी, आणि खरोखर खिळा घालूनही गाडी चालू व्हायची. त्या काळी चोर कमी होते की लोकांना गाडी चालू करता येत नव्हती, कोण जाणे.

टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलची वाफ आधी क्रँककेसमध्ये येते, तिथं दाबली जाते आणि मग वर जाते. त्यामुळं क्रँकच्या दोन्ही बाजूंचे ऑईल सील घट्ट असणं म्हणजे निम्मं इंजिन. उभ्या गाडीत हे रबर दगडासारखं कडक होतं. मग बाहेरची हवा आत ओढली जाते, मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं, जाम होतं. किंवा प्रायमरी चेनच्या बाजूचं ऑईल आत जातं आणि पांढरा धूर थांबतच नाही. लोक रिंगा बदलत बसतात आणि दुखणं सीलमध्ये असतं. इंजिन उघडलंच आहे तर सील आणि बेअरिंग बदलूनच बंद करावं, जुनं चांगलं दिसलं तरी.

बोअर करायचा तर आधी पिस्टन हातात घ्यावा, मग लेथवर जावं. उलटं केलं तर त्या मापाचा पिस्टनच मिळत नाही आणि सिलिंडर वाया जातो. या बाबतीत आपण नशीबवान आहोत. बेळगावचं उद्यमबाग आणि कोल्हापूरचं उद्यमनगर, दोन्हीकडे ऑईल इंजिनाच्या सुट्या भागांवर हात बसलेली माणसं आहेत. क्रँक दाबून उघडणं, नवा कनेक्टिंग रॉड घालून पुन्हा सरळ करणं, बुश फिरवून देणं, हे त्यांना अवघड नाही. अट एकच, नमुना म्हणून जुना भाग बरोबर न्यायचा. एका वयस्क मिस्त्रींचं म्हणणं मी लक्षात ठेवलंय: "भंगार झालेला पार्टपण टाकायचा नाही बघा, त्यातच माप असतंय." पोत्यातले तुकडे फेकायच्या आधी हे आठवावं.

सायलेन्सर काजळीनं भरलेले असतात. आतली नळी काढून कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात बुडवून ठेवायची पद्धत आहे. हातमोजे आणि चष्मा घालूनच, आणि ॲल्युमिनियमचा कुठलाही भाग त्या पाण्यात चुकूनही टाकू नये, सोडा तो खाऊन टाकतो. सीबी पॉइंटची फट साधारण ०.४ मिलिमीटर. सहा व्होल्टची वायरिंग, त्यामुळं हेडलाइट मेणबत्तीएवढाच. रात्री चालवायची असेल तर बारा व्होल्ट आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवायला हरकत नाही, फक्त कुठं भोक पाडायचं नाही आणि काढलेले भाग डब्यात नाव लिहून ठेवायचे. पुढच्या मालकाला मूळ गाडी परत करता आली पाहिजे.

कारखाना बंद होऊन इतकी वर्षं झाली तरी स्पेअर मिळतात. काही जुन्या दुकानांतला शिल्लक माल, काही लहान कारखान्यांचा नवा. नव्या मालात रबराचे भाग आणि क्लच प्लेटा तपासून घ्याव्यात. चेक देशात या मॉडेलचे भाग अजून बनतात, पण म्हैसूरच्या गाडीत पुढं पुढं फरक होत गेले, तेव्हा माप ताडल्याशिवाय मागवू नये.

पेट्रोलचं नवं दुखणं

हे जुन्या मिस्त्रींनाही नवीन आहे. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ऊस पिकवणाऱ्या आपल्या भागात त्याबद्दल वाईट बोलणं म्हणजे घरच्याच ताटावर रुसणं, पण साठच्या दशकातला कार्ब्युरेटर त्यासाठी बनलेला नाही. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. गाडी महिनाभर उभी राहिली की पाणी आणि इथेनॉल टाकीच्या तळाशी बसतं, टाकी आतून गंजते, जुने रबर आणि पेट्रोलचा पाइप फुगतो. पावसाळ्यात कोकणात आणि गोव्यात हे आणखी लवकर होतं. उपाय साधा: गाडी उभी करायची असेल तर टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामे करावेत, पाइप इथेनॉल सोसणारा घ्यावा. आणि २टी ऑईल आधी डब्यात पेट्रोलमध्ये मिसळून मगच टाकीत ओतावं. लिटरला साधारण चाळीस मिली हा जुना हिशेब आहे. बोअर नवा असेल तर पहिले पाचशे किलोमीटर ऑईल कमी करू नये आणि गाडी पळवू नये.

रंग-क्रोम

शेवटी आला, कारण शेवटीच यायला हवा. जावाचा मरून रंग, टाकीच्या बाजूचं क्रोम आणि त्यावरची सोनेरी रेघ, यावर लोक जीव टाकतात. मूळ रंग निम्मा जरी शिल्लक असेल तरी माझं मत, तो तसाच ठेवावा. साबणाचं पाणी, मऊ फडकं, पॉलिश, बस्स. क्रोमवरचा हलका गंज ॲल्युमिनियमच्या कागदाचा बोळा पाण्यात भिजवून घासला तरी जातो. पुन्हा क्रोम करायचं म्हणजे आधी बफिंग, त्यात पत्रा पातळ होतो आणि टाकीवरची नक्षी बोथट होते. करायचंच तर निकलचा थर नीट दिला जातोय का ते विचारा. नुसतं वरवर क्रोम मारलं की दुसऱ्या पावसाळ्यात फोड येतात. रेघ स्टिकरची नको. पाट्या रंगवणारा जुना पेंटर शोधा, लांब केसांच्या ब्रशनं ती एका हातात ओढणारी माणसं अजून आहेत, थोडी आहेत.

जुलै महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आंतरराष्ट्रीय जावा दिवस असतो. त्या दिवशी बेंगळुरूपासून पुण्यापर्यंत या गाड्या रस्त्यावर येतात. पहिल्यांदा काढणाऱ्यानं एकदा तिथं जाऊन नुसतं बघावं, कोणाकडं मूळ नट-बोल्ट आहेत आणि कोणाचं सगळं बाजारातलं, हे तासाभरात कळायला लागतं.

निपाणीच्या वाचकाचं काय झालं? आरसी बुक आजीच्या पेटीत देवांच्या फोटोंखाली सापडलं, १९६८ चं, म्हैसूर राज्याचा शिक्का असलेलं. चासीचा नंबर जुळतो, इंजिनाचाही जुळतो. कोल्हापूरच्या माणसाला त्यांनी नाही म्हणून कळवलंय. बेळगावला बॅकलॉग एन्ट्रीचा अर्ज दिलाय, फॉर्म ३१ साठी भावंडांच्या सह्या गोळा होतायत, त्यातली एक बहीण इंदूरला असते. पिस्टन अजून सुटलेला नाही. डिझेल घालून ठेवलंय.